सोडचिठ्ठीतली चिठ्ठी

नवरा-बायको वेगळे होण्याला आपल्या भाषेत चार शब्द आहेत. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी आणि कोर्टाची पायरी चढल्यावर घटस्फोट. शाळेच्या पुस्तकात हे चारही शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत बसतात. पण नीट पाहिलं तर त्यांत फरक आहे. काडीमोडीत काडी मोडायची, चार पंचांनी ती पाहायची, झालं. कागदाचा संबंध नाही. सोडचिठ्ठीत मात्र चिठ्ठी आहे. म्हणजे काहीतरी लिहिलेलं, दुसऱ्याला दाखवता येईल असं.

हा फरक केवढा मोठा आहे हे सांगणारी एक गोष्ट अमेरिकेच्या इतिहासात आहे. आम्हाला बी.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता. मराठी पुस्तकात अँड्र्यू जॅक्सन या सातव्या अध्यक्षाला चांगलं एक प्रकरण दिलेलं होतं. न्यू ऑर्लिन्सची लढाई, सामान्य माणसाचा अध्यक्ष, बँकेशी भांडण वगैरे. त्याच्या बायकोबद्दल मात्र एकच वाक्य, की ती नवऱ्याचा शपथविधी पाहायला उरली नाही. का उरली नाही? ते परीक्षेला नव्हतं! निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी ते शोधून वाचलं, आणि गोष्ट शेवटी एका खेड्यातल्या कोर्टाच्या दप्तरापाशी येऊन थांबली.

तिचं नाव रेचल डोनेल्सन. जन्म १७६७ चा, व्हर्जिनियातला. वडील कर्नल जॉन डोनेल्सन हे धाडसी गृहस्थ. १७७९ च्या डिसेंबरात त्यांनी बरीच कुटुंबं होड्यांत घालून नदीच्या वाटेने पश्चिमेकडे नेली आणि १७८० च्या एप्रिलमध्ये, आज जिथे नॅशव्हिल शहर आहे तिथे ती पोहोचवली. कडाक्याची थंडी, वाटेत हल्ले, देवी. त्या होड्यांत बारा वर्षांची रेचल होती. पुढे हे कुटुंब काही काळ केंटकीत राहायला गेलं आणि तिथे १७८५ मध्ये रेचलचं लग्न लुईस रोबार्ड्स या तरुणाशी झालं. तेव्हा केंटकी हे वेगळं राज्य नव्हतं, व्हर्जिनियाचाच तो दूरचा मुलूख होता. पुढची सगळी गुंतागुंत यातूनच निघाली, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

रोबार्ड्स संशयी निघाला. बायको कुणाशी दोन शब्द हसून बोलली तरी घरात भांडण. १७८८ मध्ये त्याने तिच्या माहेरी कळवलं की हिला घेऊन जा. भाऊ आला आणि तिला नॅशव्हिलजवळ विधवा आईकडे घेऊन गेला. आपल्याकडे 'माहेरी आणून टाकली' म्हणतात, तसंच हे. त्याच सुमारास अँड्र्यू जॅक्सन हा तरुण वकील नॅशव्हिलला आला आणि डोनेल्सनबाईंकडे पैसे देऊन राहू लागला. त्याच्याबरोबर जॉन ओव्हर्टन नावाचा दुसरा वकील होता. हा ओव्हर्टन आधी केंटकीत रोबार्ड्सच्याच आईकडे राहिलेला, त्यामुळे दोन्ही घरांतलं त्याला ठाऊक. मध्यंतरी रोबार्ड्स आला, समेट झाला, पुन्हा मोडला, जॅक्सनवरून कडाक्याचं भांडण झालं आणि तो निघून गेला. तो परत येऊन आपल्याला ओढून नेईल या भीतीने रेचल दक्षिणेला नॅचेझ या गावी गेली. तिथे तेव्हा स्पेनचं राज्य होतं. सोबत म्हणून जॅक्सन गेला.

आता कायद्याकडे वळू. व्हर्जिनियात त्या काळी एखाद्या कोर्टाला आपल्या अधिकारात घटस्फोट देताच येत नसे. त्यासाठी विधिमंडळाकडे अर्ज करायचा. म्हणजे एका जोडप्यासाठी राज्याच्या राजधानीत कायदा करायचा! रोबार्ड्सने अर्ज केला आणि २० डिसेंबर १७९० रोजी विधिमंडळाने कायदा मंजूर केला. पण त्या कायद्यात घटस्फोट नव्हता. घटस्फोटाचा दावा लावायची परवानगी तेवढी होती. रोबार्ड्सने केंटकीत दावा दाखल करावा, बायकोला कळावं म्हणून 'केंटकी गॅझेट' या वर्तमानपत्रात आठ आठवडे ओळीने तो छापावा, ज्युरी बसावी, आणि बायको नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर राहते असं ज्युरीला आढळलं तरच लग्न मोडलं असं समजावं. इतक्या पायऱ्या होत्या.

नॅशव्हिलला यातलं काय पोहोचलं? 'विधिमंडळाने घटस्फोट दिला' एवढंच. घोडेवाटेने महिनाभर रखडत येणारी बातमी. परवानगी आणि निकाल यांतला फरक वाटेत गळून पडला. ओव्हर्टनने पुढे लिहून ठेवलं की आम्ही सर्वांनी तसंच धरून चाललो. जॅक्सनच्या बाजूचं म्हणणं असं, की ही बातमी ऐकून १७९१ च्या उन्हाळ्यात त्याने नॅचेझला रेचलशी लग्न केलं. त्या लग्नाची नोंद आजवर कुणाला सापडलेली नाही. स्पेनच्या कॅथलिक राज्यात प्रोटेस्टंट माणसाच्या लग्नाची नोंद सापडणं तसंही कठीणच.

इकडे रोबार्ड्स स्वस्थ बसलेला. १७९२ च्या जूनमध्ये केंटकी हे स्वतंत्र राज्य झालं. त्यानंतर कुठे त्याने आपला दावा मर्सर काउंटीच्या कोर्टात चालवला. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याहून मोठा आणि जिल्ह्याहून बहुधा लहान असा कारभाराचा विभाग. मर्सर काउंटीचं मुख्य गाव हॅरोड्सबर्ग. अलीघेनी पर्वताच्या पश्चिमेला इंग्रजी बोलणाऱ्यांनी कायम वस्ती केली ती पहिल्यांदा इथेच, १७७४ साली. त्या लहानशा गावात २७ सप्टेंबर १७९३ रोजी ज्युरीने निकाल दिला. बायको नवऱ्याला सोडून गेली आहे आणि अजूनही परपुरुषाबरोबर राहते, सबब लग्न मोडलं. रेचल तिथे नव्हती. तिच्या बाजूने कुणी बोललंही नाही.

म्हणजे हिशेब पाहा. नॅशव्हिलमध्ये सगळे जिला दोन वर्षं 'मिसेस जॅक्सन' म्हणत होते, ती कायद्याने १७९३ च्या सप्टेंबरपर्यंत रोबार्ड्सची बायको होती.

ही गोष्ट जॅक्सनला कळली त्या वर्षीच्या डिसेंबरात. तो आणि ओव्हर्टन कोर्टाच्या कामासाठी प्रवासात होते, तेव्हा त्या निकालाचे कागद पाहण्यात आले. जॅक्सन वकील होता, त्या भागाचा सरकारी वकील होता! दुसऱ्यांच्या जमिनींचे आणि कर्जांचे कागद रोज तपासणारा माणूस, पण बायकोच्या सोडचिठ्ठीचा कागद त्याने हातात घेऊन पाहिला नव्हता. ओव्हर्टनने पुन्हा लग्न करायला सुचवलं तेव्हा तो आधी तयारही होईना. सगळा मुलूख आम्हाला नवरा-बायको मानतो, मग आता कशाला, असं त्याचं म्हणणं. ओव्हर्टनने त्याला समजावलं. १७९४ च्या जानेवारीत परवाना काढून दोघांनी नॅशव्हिलला रीतसर लग्न केलं. ती नोंद मात्र आहे.

प्रकरण इथेच संपायला हवं होतं. दोघांचा संसार पुढे जवळजवळ पस्तीस वर्षं सुखाने झाला. त्यांना मूल झालं नाही. रेचलच्या भावाचा एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. ती देवभोळी, घरात रमणारी, पुढे थकत गेलेली बाई. पण दोन तारखांमधली ती फट तशीच राहिली होती. १८०६ मध्ये चार्ल्स डिकिन्सन नावाच्या तरुणाला जॅक्सनने द्वंद्वयुद्धात मारलं. वाद घोड्यांच्या शर्यतीच्या पैशांचा, पण डिकिन्सन रेचलबद्दल वावगं बोलला होता असंही सांगतात. त्याची गोळी जॅक्सनच्या छातीत रुतली आणि जन्मभर तिथेच राहिली.

जॅक्सन अध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा विरोधकांना ती फट सापडली. १८२७ मध्ये सिनसिनाटीचा संपादक चार्ल्स हॅमंड याने तिच्यावर लेखणी चालवली. व्हर्जिनियाचा जुना कायदा आणि हॅरोड्सबर्गच्या ज्युरीचा चौतीस वर्षांपूर्वीचा निकाल बाहेर निघाले, छापले गेले, गावोगाव वाटले गेले. नवरा जिवंत असताना दुसऱ्याबरोबर राहिलेली बाई राष्ट्राध्यक्षांच्या घरात चालेल का, असा सवाल. जॅक्सनच्या मित्रांनी नॅशव्हिलला समिती नेमली. ओव्हर्टनने आठवणीतून सगळा घटनाक्रम लिहून काढला आणि जुन्या ओळखीच्या माणसांच्या साक्षी जोडल्या. एका बाजूला कोर्टाचा कागद, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणी.

१८२८ ची निवडणूक जॅक्सन मोठ्या फरकाने जिंकला, १७८ विरुद्ध ८३ मतांनी. पण रेचल २२ डिसेंबर १८२८ रोजी हृदयविकाराने गेली. वय एकसष्ट. शपथविधी ४ मार्च १८२९ ला झाला. तिला घराच्या बागेत पुरलं आणि तिच्या थडग्यावर जॅक्सनने निंदकांचा उल्लेख कोरून घेतला. आपल्या बायकोला विरोधकांनी मारलं, असं तो मरेपर्यंत मानत होता.

आता शिक्षिका म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. जॅक्सनच्या शेतावर गुलाम राबत होते, आणि १८३० चा कायदा करून त्याने मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावलं. तेव्हा त्याचं देवघर मांडण्याचं कारण नाही. शिवाय 'आम्हाला माहीतच नव्हतं' ही त्यांची कहाणी इतिहासकार जशीच्या तशी मानत नाहीत. रेचलच्या वडिलांच्या मिळकतीच्या एका कागदात १७९१ च्या जानेवारीतच तिचं आडनाव जॅक्सन लावलेलं आहे, म्हणजे नॅचेझच्या सांगितलेल्या लग्नाच्याही आधी! काहींना वाटतं की दोघं जाणूनबुजून एकत्र निघून गेली, कारण रोबार्ड्सने घटस्फोट मागावा यासाठी तेवढी एकच वाट होती.

मला यात रेचलचा दोष फार दिसत नाही. नवरा नांदवत नाही, माहेरी हाकलून देतो, आणि सुटका हवी तर ती दूरच्या राजधानीतल्या पुरुषांनी नवऱ्याच्या अर्जावरून द्यायची. त्यातही दोषी ठरायची ती बायकोच. काडी तर केव्हाच मोडली होती. चिठ्ठी मात्र यायची होती. आणि मधल्या काळाचा हिशेब तिच्याकडून मागितला गेला. रोबार्ड्सने दुसरं लग्न केलं, त्याला कुणी काही विचारलं नाही.

त्या शतकात हळूहळू कायदे बदलले. विधिमंडळाने एकेका जोडप्यासाठी कायदा करायची पद्धत राज्याराज्यांनी बंद केली आणि काम काउंटीच्या कोर्टांकडे आलं. मग देशात एकूण घटस्फोट होतात तरी किती, हे कुणालाच सांगता येईना, कारण नोंदी काउंटी-काउंटीच्या कपाटांत. शेवटी कॅरल राइट या सरकारी अधिकाऱ्याने देशभरच्या कोर्टांतली दप्तरं तपासून घेतली आणि १८८९ मध्ये अहवाल दिला. १८६७ ते १८८६ या वीस वर्षांत ३,२८,७१६ घटस्फोट. त्यातले सुमारे दोन तृतीयांश बायकांच्या मागणीवरून मिळालेले. रेचलच्या काळाशी तुलना केली म्हणजे हा आकडा वाचताना बरं वाटतं. बायका स्वतः कोर्टात जाऊ लागल्या होत्या. तरी लाज होतीच. १८८० च्या जनगणनेत घटस्फोटितांसाठी वेगळी खूण आली, पण पुष्कळ बायका दारात आलेल्या माणसाला 'विधवा' असंच सांगत. त्यामुळे आज कुणी आपल्या पणजीचा शोध घेतो तेव्हा जनगणनेत ती विधवा असते आणि कोर्टाच्या दप्तरात तिचा नवरा जिवंत!

आजही तिथे ही सगळी व्यवस्था काउंटीवरच चालते. केंटकीचंच उदाहरण घेऊ. १२० काउंट्या आहेत. नवरा-बायकोपैकी एकजण राज्यात १८० दिवस राहिलेला असला की तो आपल्या काउंटीच्या कोर्टात अर्ज करू शकतो. १९७२ पासून कुणाचा दोष शाबीत करावा लागत नाही. संसार पुन्हा सांधण्यापलीकडे मोडला आहे, एवढं पुरतं. निकालाआधी साठ दिवस वेगळं राहिलेलं असावं लागतं. दुसऱ्याचा पत्ताच लागत नसेल तर कोर्ट एक वकील नेमतं आणि तो शोध घेऊन कळवायचा प्रयत्न करतो. १७९० च्या आठ आठवड्यांच्या जाहिरातीचंच हे पुढचं रूप.

आणि जुना कागद शोधायचा झाला तर? जून १९५८ नंतरची नोंद राज्याच्या जन्ममृत्यूच्या कचेरीत असते. त्याआधीची हवी असेल तर ज्या काउंटीत निकाल झाला तिथल्या कोर्टाचा क्लार्क, नाहीतर राजधानी फ्रँकफर्टचं अभिलेखागार. कचेरीतून मिळणारा दाखला आणि कोर्टाचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात ठेवावं. दाखल्यावर नावं, तारीख आणि काउंटी एवढंच असतं. मुलं कुणाकडे, घर कुणाचं, पोटगी किती, हे सगळं निकालपत्रात असतं.

हे सगळं वाचताना मला माझी एक विद्यार्थिनी आठवत होती. नाव सांगत नाही. सातवीला माझ्या वर्गात होती, हुशार. विसाव्या वर्षी लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. गावात बैठक बसली. पंच बसले, देणंघेणं फिटलं, आणि शंभराच्या स्टँपपेपरवर दोघांनी 'राजीखुशीने फारकत' लिहून दिली. अंगठे, सह्या, नोटरीचा शिक्का. सगळ्यांना वाटलं, कागद झाला! तिने दुसरं लग्न केलं, संसार चांगला झाला. वीस-बावीस वर्षांनी दुसरा नवरा नोकरीत असतानाच गेला, आणि पेन्शनच्या कामात कुणीतरी हरकत घेतली की हिचा पहिला घटस्फोट कोर्टाचा नाही, तेव्हा हे लग्नच खरं नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कोर्टाचा घटस्फोट आणला, पण त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने समाजात रूढ असलेली काडीमोडही जपून ठेवली आहे. अट एवढीच, की अशी रीत आपल्या समाजात जुनी आणि चालत आलेली आहे हे शाबीत करावं लागतं. नुसता स्टँपपेपर त्याला पुरत नाही. त्या मुलीच्या नशिबाने बैठकीतले दोन म्हातारे पंच अजून हयात होते. त्यांनी कोर्टात येऊन साक्ष दिली, समाजातली आणखी चार उदाहरणं सांगितली. निकाल तिच्या बाजूने लागला, पण सहा वर्षांनी. त्या सहा वर्षांत ती शिलाईवर जगली. ते दोघं आधीच गेले असते तर? ओव्हर्टनच्या साक्षीनेही शेवटी रेचलची अब्रू पूर्ण वाचली नाहीच.

म्हणून माझ्या भाच्या-पुतण्यांना, नातवंडांना आणि इथे येणाऱ्या मंडळींना सांगणं आहे. लग्न मोडणं ही दुःखाची गोष्ट आहे, पण ती अर्धवट मोडून ठेवणं त्याहून वाईट. आपल्याकडे २००३ पासून बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करू शकते, सासरच्या गावी खेपा घालायची गरज नाही. निकाल लागल्यावर अपिलाची नव्वद दिवसांची मुदत जाऊ द्यावी, मगच दुसऱ्या लग्नाचं पाहावं. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढावी, एक नाही, दोन-तीन. परदेशात असाल तर कोणत्या काउंटीत, कोणत्या तारखेला आणि दाव्याचा नंबर काय, हे लिहून ठेवावं आणि घरातल्या एका तरी माणसाला ते कुठे ठेवलंय हे माहीत असावं. पुन्हा लग्न, पासपोर्टावरचं नाव, पेन्शन, वारसा, कुठेही तो कागद मागितला जातो. बहुतेक वेळा मागतात ते बाईकडेच.

आणखी एक काम आहे. काडीमोडीच्या रीती आता जुन्या लोकांच्या डोक्यातच उरल्या आहेत. कोण बसत असे, काय मोडत असत, देणंघेणं कसं ठरत असे, बाईचं म्हणणं विचारलं जाई की नाही? तुमच्या गावात, तुमच्या समाजात काय रीत होती हे घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना विचारा आणि मला कळवा. गाव आणि साधारण साल तेवढं लिहा, नावं नकोत. मी एका वहीत टिपून ठेवते आहे.